तालमीच्या ओट्यावरून बागेत: खानदेशातील उतारवयाच्या व्यायामाचा इतिहास

१/
महाराष्ट्रातील व्यायामाच्या इतिहासावरचे कोणतेही पुस्तक उघडले की त्यात तरुण दिसतो. लंगोट कसलेला पैलवान, मल्लखांबावरचा मुलगा, कवायतीच्या रांगेतला स्वयंसेवक. आज पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किंवा धुळ्यातील एखाद्या मैदानावर गेल्यास मात्र चित्र उलटे दिसते. तेथे साठी ओलांडलेल्यांची संख्याच डोळ्यांत भरते. ही माणसे व्यायामाच्या इतिहासात केव्हा शिरली? त्यापूर्वी ती कोठे होती? या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट अमळनेरवरून जाते. (दीर्घ थ्रेड)

२/
आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पूर्वी माणसे म्हातारी होण्याइतकी जगतच नसत’ असे सहज म्हटले जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, हे खरे. पण ही सरासरी प्रामुख्याने बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती. ज्यांनी बालपण पार केले, त्यांपैकी पुष्कळजण नातवंडे पाहत. गावात म्हातारी माणसे होतीच. फक्त व्यायामाच्या संदर्भात त्यांची नोंद घ्यावी असे कोणाला वाटत नव्हते.

३/
याचे कारण तालमीच्या हेतूत आहे. तांबड्या मातीचा हौदा, जोर, बैठका, मुद्गल, जोडी, मल्लखांब ही सारी सामग्री प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांसमोर ठेवून घडली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला प्रतिष्ठा दिली, तीही कुस्तीच्या तयारीचे अंग म्हणून. शरीर कमवायचे ते झुंजण्यासाठी किंवा शिपाईगिरीसाठी. झुंज संपली की त्या शरीराचे पुढे काय करायचे, याचा विचार या विद्येच्या केंद्रस्थानी नव्हता.

४/
तालमीत वृद्ध नव्हते असे नाही. वस्ताद वृद्धच असे. पण त्याची जागा ओट्यावर. तो डाव सांगे, चूक दाखवी, मुलांचा खुराक ठरवी. त्याने अनुभव द्यायचा आणि घाम इतरांनी गाळायचा, अशी वाटणी होती. स्त्रियांना तर तालमीचा उंबराही बहुधा बंदच. व्यायाम ही काही वर्षांची, काही पुरुषांची आणि काही विशिष्ट कामांसाठीची गोष्ट होती.

५/
१८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्यालय केले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. शिस्त, कवायत, एका आज्ञेवर एकाच वेळी हलणारी शेकडो शरीरे, हा प्रकार अशा पलटणींतून या मुलखात दिसू लागला. सामूहिक शारीरिक शिक्षणाचा हा आधुनिक नमुना. त्यालाही हवा होता तो तरुणच, आणि तोही सरकारच्या कामासाठी.

६/
विसाव्या शतकात हेतू पालटला, वय पालटले नाही. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून देशी व्यायामाला संघटित रूप दिले. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आता शरीर राष्ट्रासाठी कमवायचे होते. साहजिकच सर्वांची नजर विद्यार्थ्यांवर होती. गुलाम देशाला आशा होती ती पुढच्या पिढीची.

७/
मग म्हातारी माणसे आपली हालचाल कोठे राखत होती? याची दोन उत्तरे आहेत: श्रम आणि यात्रा. दोन्हींना कोणी व्यायाम म्हणत नसे, म्हणून व्यायामाच्या इतिहासात त्यांना जागा नाही. पण शरीराला नावाशी कर्तव्य नसते. उतारवयातील बळ, तोल आणि दम पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला तो याच दोन गोष्टींमुळे.

८/
श्रमाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. जाते, चूल, विहीर, पेरणी, कापणी, मळणी हे त्यांच्या कवितेचे विश्व आहे, कारण तेच त्यांच्या देहाचे विश्व होते. अशा बाईला पहाटे वेगळे उठून हातपाय हलवण्याची गरज नव्हती. मात्र या श्रमाला फार गोड रंग देऊ नये. त्याला विश्रांती नव्हती, निवड नव्हती, आणि झिजलेल्या गुडघ्यांची दाद घेणारेही कोणी नव्हते. श्रम शरीर राखतो, तसाच मोडतोही.

९/
दुसरे उत्तर यात्रेचे, आणि तेथे खानदेशाचा अधिकार मोठा आहे. परंपरेनुसार मुक्ताबाई शके १२१९ मध्ये तापीकाठी मेहूण येथे अंतर्धान पावल्या. त्यांची पालखी आजच्या मुक्ताईनगर परिसरातील कोथळीहून पंढरपूरला जाते. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडणारी, पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीची ही पायवाट सुमारे महिनाभर चालते. मानाच्या पालख्यांमध्ये इतका लांबचा पल्ला क्वचितच कोणाचा असेल. अमळनेरच्या सखाराम महाराज संस्थानाची पायी वारीही याच मुलखातली.

१०/
या वाटेवर वयाची उतरंड उलटी होते. मुलाच्या हाती शेत आणि सुनेच्या हाती घर सोपवलेली माणसे वारीला मोकळी होतात. डोक्यावर तुळस घेतलेली साठीची बाई दिंडीत सहज दिसते. तालमीत जिला प्रवेश नव्हता, ती येथे रोज पंधरा-वीस किलोमीटर चालते. तिला कोणी पाहुणी किंवा प्रेक्षक समजत नाही. दिंडीच्या रांगेतली ती पूर्ण सभासद असते.

११/
हे शक्य होते ते दिंडीच्या रचनेमुळे. पुढे पताका, मध्ये वीणेकरी, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पडणारी पावले. वेग ठरतो तो अभंगाच्या लयीवर, सर्वांत चपळ माणसाच्या इच्छेवर नाही. ठरलेल्या अंतरावर विसावा आहे. मुक्कामाचे गाव आधीच ठाऊक आहे. सामान वाहनात आहे, पाणी आणि जेवण वाटेवर आहे. कोणी मागे पडला तर त्याची विचारपूस करणारी माणसे ओळखीची आहेत. एकट्याने चालताना मनात येणारे ‘आज राहू दे’ हे वाक्य दिंडीत उच्चारायला सवड मिळत नाही.

१२/
वारी म्हणजे आरोग्ययोजना नव्हे. तिचा हेतू भक्ती आहे. शरीराला मिळतो तो आनुषंगिक लाभ. शिवाय ती वर्षातून एकदा येते, आणि ज्येष्ठातील उन्हात तिने थकलेली, आजारी पडलेली माणसेही असतात. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघणारे खानदेशातील भाविक उन्हाची हीच परीक्षा देतात. तरीही इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे नोंदवावी लागते. वृद्धांना बरोबर घेऊन चालणारी, मोकळ्या आकाशाखालची सामूहिक हालचाल या समाजाला नवी नव्हती. नवे काही घडायचे होते ते रोजच्या जीवनात.

१३/
व्यक्तिगत पातळीवर रोज चालणारी माणसे होतीच. धुळे म्हटले की इतिहासप्रेमींना राजवाडे आठवतात. कागदपत्रांच्या शोधात महाराष्ट्र पायी तुडवणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि लवकरच खानदेशात पांझरेच्या पाण्याच्या कामावर होते. पुढे शंभरी ओलांडलेल्या या गृहस्थांचा नित्य फिरण्याचा नेम प्रसिद्ध होता. पण असा नेम त्या माणसाबरोबरच संपतो. समाजाची सवय व्हायची तर संस्था लागते.

१४/
ती संस्था घडवणारा माणूस त्या काळात अमळनेरमध्ये शिकवत होता. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोई. १९०७ ते १९१० या काळात ते बडोद्यात माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकले. खानदेश एज्युकेशन सोसायटीने अमळनेरला चालवलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ मध्ये प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीपायी ते महाविद्यालय इंग्रज सरकारच्या रोषास पात्र ठरले आणि १९२० मध्ये बंद पडले. पुढे जग या गुण्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

१५/
अमळनेर तेव्हा लहान गाव असले तरी विचारांनी लहान नव्हते. प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत १९२४ मध्ये साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. अशा वातावरणात, अमळनेरच्या वर्षांतच, १९१९ मध्ये गुण्यांची भेट नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याशी झाली. माणिकरावांकडून संघटित व्यायाम आणि माधवदासांकडून योग, असे दोन प्रवाह एका शिक्षकाच्या ठायी एकत्र आले.

१६/
गुण्यांनी यात तिसरा प्रवाह मिसळला: प्रयोगशाळा. १९२०–२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम तपासण्यास आरंभ केला. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. आसन करताना पोटातील दाब किती बदलतो, रक्तदाबाचे काय होते, असे प्रश्न तेथे विचारले गेले. गुहेतील साधना मोजमापाच्या कक्षेत आणली गेली.

१७/
वृद्धांच्या दृष्टीने या बदलाचे मोल मोठे होते. तालमीच्या विद्येत यशाचे माप दंड आणि छाती. कुवलयानंदांनी लक्ष वळवले ते पाठीचा कणा, पचन, श्वास, मज्जासंस्था आणि ग्रंथी यांकडे. येथे हरवायला समोर कोणी नाही. मुद्गल नको, हौदा नको. पूर्ण अभ्यासक्रम ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी सोपा अभ्यासक्रमही आखला. ‘झेपेल तेवढे’ ही तडजोड राहिली नाही, ती पद्धतीचाच भाग झाली. उतारवयाला व्यायामाच्या शास्त्रात दार उघडले ते येथे.

१८/
या दारातून आलेल्या पहिल्या नामवंतांपैकी एक म्हणजे गांधीजी. १९२७ मध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती बिघडली आणि उच्च रक्तदाबाचे निदान झाले. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, दोघांत पत्रव्यवहार झाला. रोज मैलोगणती चालणारा हा माणूस योगाकडे वळला तो मोक्षासाठी नव्हे, रक्तदाबासाठी. उतारवयातील विकारावर मोजूनमापून केलेला व्यायाम, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. शीर्षासनासारखे प्रकार रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आजचे वैद्यक जोखमीचे मानते, हेही येथे लक्षात ठेवावे.

१९/
१९३० च्या दशकात कुवलयानंदांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ मांडला. एका आज्ञेवर अनेकांनी मिळून करायच्या सोप्या यौगिक हालचालींची ही पद्धत. पलटणीची रांग आणि योग्याचे आसन येथे एकत्र आले. ती मुख्यतः शाळांसाठी होती, वृद्धांसाठी नव्हे. पण साधन न लागणारा, मोकळ्या जागेत, गटाने आणि हळू करता येणारा व्यायाम एकदा तयार झाला, की तो कोणत्या वयाने उचलायचा हे त्याचा कर्ता ठरवू शकत नाही. बागेतील आजचा योगवर्ग याच पद्धतीच्या सावलीत उभा आहे.

२०/
त्याच काळात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) सूर्यनमस्काराचा प्रसार करीत होते. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीत होते आणि नमस्काराची सर्वांत प्रभावी जाहिरात म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर होते. मराठी मुलखात व्यायामाचा पुरावा म्हणून एका वृद्धाचे शरीर पुढे यावे, ही घटना लक्षणीय आहे. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्या घरात तो पाळला जाई.

२१/
मोकळ्या जागेतील सामूहिक व्यायामाची ही ओढ केवळ येथलीच नव्हती. जपानमध्ये नोव्हेंबर १९२८ पासून रेडिओवरच्या संगीतावर व्यायाम सुरू झाला. अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या अशाच कार्यक्रमावरून ती कल्पना घेतलेली होती. राष्ट्र घडवण्याच्या हेतूने आरंभलेला तो उपक्रम आज जपानी उद्यानांत प्रामुख्याने वृद्धांनी जिवंत ठेवला आहे. तरुणांसाठी निर्माण झालेली पद्धत म्हाताऱ्यांनी आपलीशी करणे, हा प्रवास दोन्हीकडे सारखाच दिसतो.

२२/
दरम्यान खेड्यातील आणि शहरातील श्रमाचे रूप पालटत होते. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली, मोटेची जागा पंपाने, आडाची जागा नळाने. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि बाजारगावची पायपीट कमी झाली. या बदलांनी असंख्य बायांचे कष्ट वाचवले. ते परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण श्रमाबरोबर हालचालही गेली. नोकरीतून निवृत्त झालेला शिक्षक, कारकून, एसटीचा वाहक हा नवा वर्ग उभा राहिला. त्याला निवृत्तिवेतन होते, वेळ होता आणि बसून राहण्याची सोय होती.

२३/
बसून राहण्याची किंमत विज्ञानाने याच सुमारास मोजली. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासापासून शारीरिक हालचालीच्या आधुनिक रोगशास्त्राची सुरुवात मानली जाते. बहिणाबाईंच्या पिढीला जे आपोआप मिळत होते, ते आता ठरवून मिळवावे लागणार होते.

२४/
ठरवून मिळवण्याच्या जागा हळूहळू तयार झाल्या. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ स्थापन झाले आणि ‘फेस्कॉम’ या राज्यव्यापी महासंघाने त्यांना एकत्र बांधले. नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य योगवर्गांची परंपरा रुजवली. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांसह हास्य क्लब सुरू केला. त्याची हाक सर्वाधिक ऐकली ती निवृत्तांनी. चारचौघांत मोठ्याने हसणे, हात वर करणे, टाळ्या वाजवणे याला ज्या वयात संकोच आड येतो, त्या वयाचा संकोच गटाने काढून टाकला.

२५/
यानंतर आली खुली व्यायामशाळा. चीनमध्ये १९९५ च्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमानंतर उद्यानांत व्यायामाची उपकरणे मोठ्या प्रमाणावर बसवली गेली आणि तेथील वृद्ध तीवर गर्दी करू लागले. महाराष्ट्रातही नगरपालिका आणि क्रीडा विभागाच्या योजनांतून हिरव्या-पिवळ्या रंगाची ही उपकरणे बागांत पोहोचली. तालमीचा हौदा भिंतीआड होता. हे लोखंडी पायडल रस्त्यावरून दिसते. नऊवारीतील आजी त्यावर उभी राहते, तेव्हा वस्तादाच्या ओट्यापासूनचे अंतर किती पार झाले याची कल्पना येते.

२६/
याचा उपयोग खरोखर होतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी दोन गोष्टी सुचवल्या: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि किमान तीन दिवस तोल व बळ राखणारा व्यायाम. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. तोल आणि रोजच्या हालचालींचा सराव त्यात विशेष गुणकारी ठरला. उतारवयात पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड, अंथरूण आणि परावलंबन. बागेतील अर्ध्या तासाचा खरा संबंध या भीतीशी आहे.

२७/
म्हणूनच या इतिहासातील उणी बाजू झाकता येत नाही. बाग शहरात आहे, खेड्यात क्वचितच. निवृत्तिवेतन घेणारा पहाटे फिरायला जातो. साठीतली शेतमजूर बाई त्याच पहाटे निंदणीला किंवा कापूस वेचायला निघते. तिच्या वाट्याला अजून बहिणाबाईंच्या काळातला श्रम आहे. सरळ फुटपाथ, बसायला बाक, उजेड आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर उपकरणे उभी राहूनही आजी घरातच राहते. भिल्ल पलटणीपासून शाळेच्या कवायतीपर्यंत सरकारने तरुण शरीरासाठी मैदाने राखली. वृद्ध शरीरासाठी जागा राखणे ही कल्पना अजून बाल्यावस्थेत आहे.

२८/
खानदेशात या जागेला आणखी एक शत्रू आहे: ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उष्माघाताचा धोका वृद्धांनाच अधिक, कारण वयानुसार तहानेची जाणीव आणि घाम दोन्ही मंदावतात. म्हणजे उन्हाळ्यात व्यायामासाठी उरतात ते पहाटेचे दोन-अडीच तास, आणि तेही झाडाखाली किंवा पाण्याकाठी. मेहरूणसारखा तलाव, पांझरेचा काठ, जुन्या वडा-निंबाची रांग यांचा विचार केवळ सौंदर्यासाठी करून भागणार नाही. तोडलेल्या प्रत्येक जुन्या झाडाबरोबर म्हाताऱ्यांच्या फिरण्याची काही मिनिटे कमी होतात.

२९/
२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे दहा टक्के लोक साठीवरचे होते. हे प्रमाण वाढतच जाणार आहे, आणि आज हा इतिहास वाचणारी पिढी त्या वाढीत मोजली जाणार आहे. दोनशे वर्षांच्या या प्रवासातून तिला घेण्यासारखे बरेच आहे. तालमीने शिस्त दिली, पण वयाला ओट्यावर बसवले. अमळनेरच्या शिक्षकाने वयाला झेपेल अशी पद्धत दिली. वारीने मात्र फार आधीच एक गोष्ट साधली होती: तिने वेग सर्वांना पेलेल असा ठेवला, वाटेत विसावा ठेवला आणि कोणालाही एकटे चालू दिले नाही.

३०/
आज जळगाव-धुळ्यात नव्या बागेचा, नव्या रस्त्याचा किंवा तलाव सुशोभीकरणाचा आराखडा होईल, तेव्हा त्याला तीन साधे प्रश्न विचारता येतात. सत्तरीची बाई तेथे घरापासून पायी पोहोचू शकेल का? मे महिन्यात सकाळी सात वाजता तेथे सावली असेल का? आणि दमल्यावर बसायला पन्नास पावलांच्या आत बाक सापडेल का? व्यायामाच्या मराठी इतिहासाचे पुढचे प्रकरण या उत्तरांवरून लिहिले जाईल. (समाप्त)